कुलूप कोणतं, यापेक्षा राखण कुणाची

छोट्या संस्थांचे वेब सर्व्हर सांभाळायचं काम मी गेली पंधरा वर्षं करतो आहे. पतसंस्था, शाळा, सार्वजनिक ग्रंथालय, बागायतदारांचा संघ अशा या संस्था. सुरक्षेचा विषय निघाला की या सगळ्यांना एकच सल्ला मिळतो, आणि अलीकडे तो फार ठामपणे दिला जातो. सल्ला असा: सुरक्षित वेब सर्व्हरसाठी ओपन सोर्स पॅकेजं चार-पाच आहेत, त्यांचा तक्ता मांडा. ज्याची आवृत्ती सगळ्यांत ताजी, ज्याच्या नावावर सगळ्यांत कमी त्रुटी आणि जे नव्या सुरक्षित भाषेत लिहिलेलं, ते घ्या. अपॅची हे वेब सर्व्हरचं पॅकेज म्हातारं झालं, जोडणी सांकेतिक करणाऱ्या ओपनएसएसएल या लायब्ररीचं नाव खराब झालं. दोन्ही काढून टाका आणि निर्धास्त व्हा.

हा सल्ला देणारी माणसं कळकळीने बोलतात. त्यांच्या प्रत्येक मुद्द्यात तथ्याचा अंश आहे आणि जिथे तो आहे तिथे मी तो मान्य करणार आहे. तरीही हा सल्ला चुकीचा आहे. तो पाळल्यामुळे आधी ठीक असलेले सर्व्हर धोक्यात गेलेले मी पाहिले आहेत. त्यातला एक आधी सांगतो.

एका पतसंस्थेचा सर्व्हर डेबियन या लिनक्स डिस्ट्रिब्यूशनवर चालत होता. अपॅची आणि ओपनएसएसएल दोन्ही डेबियनच्याच भांडारातून बसवलेलं, सुरक्षेचे अपडेट रोज पहाटे आपोआप लागत. मग ऑडिट आलं. स्कॅन करणाऱ्या साधनाने सर्व्हरच्या उत्तरातला आवृत्ती क्रमांक वाचला, त्रुटींच्या यादीशी ताडला आणि अहवालाची पानंच्या पानं लाल केली. सल्लागाराने सांगितलं, अपॅचीचा ताजा सोर्स उतरवून घ्या आणि स्वतः कंपाइल करून बसवा. तसं केलं गेलं. पुढचा अहवाल हिरवा आला आणि संचालक मंडळाच्या बैठकीत त्याचं कौतुक झालं.

दोन वर्षांनी मला बोलावलं ते दुसऱ्याच कामासाठी. सर्टिफिकेटच्या नूतनीकरणात अडचण येत होती. कॉम्प्युटर विभागातला तरुण कर्मचारी म्हणाला, "सर, अपडेट तर रोज होतात. लॉग दाखवू का?" त्याने दाखवला. रोजची नोंद होती, एकही दिवस चुकलेला नव्हता. मग मी चालू प्रोसेसची यादी काढली आणि सर्व्हरचा प्रोग्रॅम नेमका कोणत्या फोल्डरमधून चालतो आहे ते पाहिलं. मशीनवर दोन अपॅची होती. एक डेबियनचं: सगळ्या दुरुस्त्या लागलेलं, आणि बंद. दुसरं हाताने कंपाइल केलेलं: दोन वर्षांपूर्वी बसवलं तसंच्या तसं, सोबत त्याच दिवशी बांधलेलं ओपनएसएसएल. ठेवीदारांचे पासवर्ड या दुसऱ्यातून जात होते. रोज पहाटे येणारी दुरुस्ती बंद पडलेल्या सर्व्हरला लागत होती.

तो मुलगा खोटं बोलत नव्हता, आणि लॉगही खरा होता. चुकलं ते ऑडिटच्या वेळी. डेबियनची स्थिर आवृत्ती सहसा पॅकेजचा क्रमांक पुढे नेत नाही. मूळ प्रकल्पाने एखादी त्रुटी दुरुस्त केली की डेबियनची सुरक्षा टीम तेवढीच दुरुस्ती उचलते आणि जुन्या आवृत्तीत बसवते. रेड हॅटचीही हीच पद्धत आहे. क्रमांकाचा पुढचा भाग तोच राहतो, मागची शेपटी बदलते. ती शेपटी वाचली नाही की सुदृढ सर्व्हर आजारी दिसतो. त्या स्कॅनने तेच केलं, आणि सल्लागाराने स्कॅनवर विश्वास ठेवून चालू असलेली राखण मोडून टाकली.

आता सल्ल्याचा एकेक आधार घेऊ. पहिला: ताजं ते सुरक्षित.

७ एप्रिल २०१४ रोजी ओपनएसएसएलमधली हार्टब्लीड ही त्रुटी जाहीर झाली. ती १.०.१ या त्या वेळच्या नव्या मालिकेत होती, आधीच्या १.०.० आणि ०.९.८ या मालिकांमध्ये नव्हती. ऑक्टोबर २०२१ मध्ये अपॅचीत अशी त्रुटी सापडली की पत्त्यात फेरफार करून सर्व्हरच्या फोल्डरबाहेरच्या फायली वाचता येत. ती फक्त २.४.४९ मध्ये होती, म्हणजे जेमतेम काही आठवड्यांपूर्वी निघालेल्या आवृत्तीत. ४ ऑक्टोबरला आलेली दुरुस्ती अपुरी ठरली आणि ७ तारखेला २.४.५१ काढावी लागली. नोव्हेंबर २०२२ मध्ये ओपनएसएसएल ३.० मालिकेत गंभीर त्रुटी निघाली, आठवडाभर आधी इशारा देऊन ३.०.७ ही आवृत्ती आली, १.१.१ वर असलेल्यांना त्या त्रुटीने स्पर्शही केला नाही. तिन्ही वेळा ज्यांनी धावत जाऊन ताजं घेतलं तेच उघडे पडले.

यावरून जुनं ते सोनं म्हणणाराही तितकाच चुकेल. ०.९.८ ला टीएलएस या सुरक्षित जोडणीच्या प्रोटोकॉलची १.२ आवृत्ती येत नव्हती आणि १.१.१ ला सप्टेंबर २०२३ नंतर मूळ प्रकल्पाकडून मोफत दुरुस्त्या मिळेनाशा झाल्या. जुन्या आवृत्तीला कुणीतरी दुरुस्त्या पुरवत असेल तरच ती चालते. आवृत्तीच्या वयावरून सुरक्षेबद्दल काही ठरत नाही. तिच्या मागे आज कोण उभं आहे यावरून ठरतं. २.४.४९ च्या वेळी आणखी एक गोष्ट दिसली. ज्यांच्या कॉन्फिगरेशनमध्ये डिस्कच्या मुळाशी 'सर्वांना मनाई' हा नियम शाबूत होता, त्यांच्या फायली त्या त्रुटीतूनही वाचता आल्या नाहीत. हा नियम अपॅचीसोबत येतोच. काम अडलं म्हणून कुणीतरी तो कधीतरी सैल केलेला असतो आणि पुन्हा घट्ट करायचं राहून जातं.

दुसरा आधार: ज्याच्या नावावर कमी त्रुटी ते भरवशाचं.

याला उत्तर म्हणून हार्टब्लीडचीच गोष्ट पुरते. टीएलएसच्या जोडणीत समोरचा जिवंत आहे का हे पाहण्यासाठी एक छोटा संदेश पाठवतात: हा मजकूर, त्याची लांबी इतकी, जसाच्या तसा परत दे. ओपनएसएसएल सांगितलेल्या लांबीवर विश्वास ठेवायचं, मजकूर मोजून पाहायचं नाही. कुणी मापटंभर धान्य ठेवायला द्यावं, परत मागताना पायलीभर सांगावं, आणि कोठारवाल्याने न मोजता उरलेलं माप शेजारच्या पोत्यातून भरून द्यावं, तसा प्रकार. एका फेरीत ६४ किलोबाइटपर्यंत मेमरी बाहेर जाई, आणि त्या शेजारच्या पोत्यात कधी पासवर्ड असत, कधी सर्व्हरची खाजगी किल्ली.

हा कोड २०११ च्या शेवटच्या दिवशी प्रकल्पात दाखल झाला आणि मार्च २०१२ मध्ये जगभर पोचला. पुढची दोन वर्षं त्रुटींच्या कोणत्याही यादीत त्याची नोंद नव्हती. तक्ता मांडणाऱ्याने २०१३ मध्ये तक्ता मांडला असता तर या त्रुटीची त्यात एकही खूण दिसली नसती. त्या काळात ओपनएसएसएलला वर्षाला सुमारे दोन हजार डॉलर देणग्या मिळत होत्या आणि पूर्णवेळ काम करणारा माणूस एकच होता. म्हणजे ज्या पायावर जगातले बहुतेक सुरक्षित सर्व्हर उभे होते, तो पाया तपासायला जवळजवळ कुणी नव्हतंच.

हार्टब्लीडनंतर लिनक्स फाउंडेशनने मोठ्या कंपन्यांकडून निधी उभा केला, पूर्णवेळ माणसं आली, कोडची छाननी आणि यांत्रिक चाचण्या सुरू झाल्या. साहजिकच पुढच्या वर्षांत त्रुटींच्या नोंदी भराभर निघाल्या. ओपनएसएसएल सुधारत गेलं तेव्हाच तक्त्यातला त्याचा आकडा वाढत गेला. तक्ता वाचणाऱ्याला उलटाच अर्थ लागणार. नोंदींचा आकडा किती डोळे बघत आहेत हे सांगतो. आत काय दडलं आहे हे सांगत नाही. ज्या पॅकेजच्या नावावर एकही नोंद नाही, त्याच्याबद्दल मला पहिला प्रश्न पडतो तो हाच, की ते कुणी उघडून पाहिलं आहे का.

हा वाद नवा नाही हेही सांगायला हवं. १९९८ मध्ये अपॅचीला सुरक्षित करण्यासाठी दोन ओपन सोर्स पॅकेजं होती. बेन लॉरी यांचं अपॅची-एसएसएल आधीपासून होतं. राल्फ एंगेलशाल यांनी त्याच कोडवरून एप्रिल १९९८ मध्ये मॉड-एसएसएल सुरू केलं. एक आटोपशीर, दुसरं सोयींनी भरलेलं आणि सविस्तर माहितीपत्रकासह. कोणतं चांगलं यावर त्या काळी माणसं तावातावाने भांडत. पण दोन्ही पॅकेजं उभी होती एकाच लायब्ररीवर: एरिक यंग आणि टिम हडसन यांच्या एसएसएलईएवायवर. त्या दोघांनी १९९८ च्या अखेरीस ते काम सोडलं, इतरांनी ते हाती घेतलं आणि ओपनएसएसएल जन्माला आलं.

पुढे मॉड-एसएसएल टिकलं आणि २००२ मध्ये अपॅची २.० सोबतच येऊ लागलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये स्लॅपर नावाचा किडा लिनक्सवरच्या अपॅची सर्व्हरांमध्ये पसरला. तो शिरायचा ओपनएसएसएलमधल्या त्रुटीतून, म्हणजे दोन्ही पॅकेजांच्या खालच्या थरातून. त्या त्रुटीची दुरुस्ती ३० जुलैलाच निघाली होती. मधले सहा आठवडे ज्यांनी काही केलं नाही त्यांचे सर्व्हर गेले. चार वर्षं ज्या निवडीवर भांडण झालं, तिने त्या सहा आठवड्यांत कुणालाही वाचवलं नाही.

तिसरा आधार हार्टब्लीडनंतर जोरात पुढे आला: ओपनएसएसएल टाकून त्याची साफ केलेली प्रत घ्या. ओपनबीएसडीच्या मंडळींनी एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएलची वेगळी शाखा काढली, तीच लिब्रेएसएसएल. पहिल्याच आठवड्यात त्यांनी सी भाषेतल्या ९० हजारांवर ओळी काढून टाकल्या. त्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. ओपनबीएसडीवर ते आजही उत्तम चालतं, कारण ती संपूर्ण यंत्रणा एकाच घरात घडते आणि प्रत्येक प्रोग्रॅम त्या लायब्ररीशी जुळवून घेतलेला असतो.

लिनक्सवर काय झालं? अल्पाइन लिनक्सने लिब्रेएसएसएल घेतलं आणि जानेवारी २०१९ च्या ३.९ आवृत्तीत ते पुन्हा ओपनएसएसएलकडे परतलं. जेंटूने २०२१ च्या फेब्रुवारीत लिब्रेएसएसएलचा पाठिंबा बंद केला आणि पुढच्याच महिन्यात व्हॉइड लिनक्सही ओपनएसएसएलकडे वळलं. बाकीचं जग ओपनएसएसएल धरूनच प्रोग्रॅम लिहीत होतं. प्रत्येक प्रोग्रॅमला लिब्रेएसएसएलसाठी वेगळं ठिगळ लावायचं, ते मूळ प्रकल्पाने घेतलं नाही की दर आवृत्तीला पुन्हा लावायचं, हे ओझं मूठभर स्वयंसेवकांवर पडलं. लायब्ररी स्वच्छ होती, पण ती सगळीकडे लागू ठेवणारे हात कमी पडले. गूगलच्या बोरिंगएसएसएलचंही तसंच. त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे की हे इतरांच्या सर्वसाधारण वापरासाठी नाही आणि बाहेरच्या प्रोग्रॅमशी जोडण्याची रचना कधीही बदलू शकते. एवढं स्पष्ट सांगितलेलं असताना छोट्या संस्थेला ते सुचवणं मला समजत नाही.

चौथा आधार सगळ्यांत बळकट आहे आणि त्याला मी हलकं लेखणार नाही: मेमरीची सुरक्षितता. सी भाषेत प्रोग्रॅमरने लांबी मोजली नाही तर प्रोग्रॅम शेजारची मेमरी खुशाल वाचतो. गो किंवा रस्ट या नव्या भाषांमध्ये तसं वाचू लागलं तर प्रोग्रॅम तिथेच अडतो. हार्टब्लीड त्या रूपात गोमध्ये घडलंच नसतं. गोमध्ये लिहिलेलं कॅडी हे वेब सर्व्हरचं पॅकेज सर्टिफिकेट आपणहून मिळवतं आणि वेळेवर बदलतं, त्याचं साधं कॉन्फिगरेशन दोन-तीन ओळींत मावतं. अपॅची आणि इंजिनएक्स हे सी भाषेतले सर्व्हर वर्षानुवर्षं वापरणाऱ्या माझ्यासारख्याने हे मोकळेपणी मान्य करायला हवं. पुढची वीस वर्षं याच दिशेने जायला हवीत.

पण "कॅडी लावा आणि विसरून जा" असं जेव्हा सांगितलं जातं, तेव्हा मी तिथे थांबवतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये एचटीटीपी/२ मधली रॅपिड रीसेट ही त्रुटी जाहीर झाली. विनंती पाठवायची आणि लगेच रद्द करायची, असं अखंड करत राहून सर्व्हरला गुदमरवायचं. गूगलने त्या हल्ल्यात सेकंदाला ३९ कोटी ८० लाख विनंत्या मोजल्या. दोष प्रोटोकॉलमध्येच होता, त्यामुळे गोच्या लायब्ररीलाही दुरुस्ती काढावी लागली. दुसरं असं, की कॉन्फिगरेशनमधली चूक कोणतीच भाषा पकडत नाही. इंजिनएक्समधलं प्रसिद्ध उदाहरण घ्या. पत्त्यातला एक रस्ता डिस्कवरच्या फोल्डरकडे वळवताना फोल्डरच्या नावाशेवटी तिरपी रेघ दिली आणि रस्त्याच्या नावाशेवटी ती राहिली, तर पत्त्यात दोन टिंबं घालून एक पायरी वरच्या फोल्डरमध्ये शिरता येतं. त्या कॉन्फिगरेशनमध्ये सर्व्हरला काहीच वावगं वाटत नाही. राहून गेलेली ती रेघ कुणीतरी डोळ्यांनीच पाहावी लागते.

तिसरी गोष्ट दुरुस्तीच्या वाटेची, आणि माझ्या मते तीच सगळ्यांत महत्त्वाची. अपॅची आणि इंजिनएक्स सहसा मशीनवरचं सामाईक ओपनएसएसएल वापरतात. डेबियनने ती एक लायब्ररी बदलली की तिच्यावर चालणारे सगळे प्रोग्रॅम सुधारतात. गोमधला प्रोग्रॅम आपल्या सगळ्या लायब्ररी पोटातच घेऊन येतो. लायब्ररीत दोष निघाला की आख्खा प्रोग्रॅम नव्याने बांधावा लागतो आणि नव्याने बसवावा लागतो. डेबियन १२ च्या प्रकाशनावेळच्या टिपणात हे स्पष्ट म्हटलं आहे की गो आणि रस्टमधल्या पॅकेजांना सध्या मर्यादित सुरक्षा-पाठिंबा मिळेल, कारण अशी पॅकेजं सरसकट पुन्हा बांधायची व्यवस्था अजून नीट झालेली नाही. म्हणजे ज्या संस्थेत पहाटेच्या आपोआप अपडेटवर सगळी भिस्त आहे, तिथे कॅडी घेताना ही दुसरी वाट कोण सांभाळणार ते आधी ठरवावं लागतं. ते ठरवून कॅडी घेतलं तर माझा काहीच आक्षेप नाही. मी स्वतः दोन ठिकाणी तसं बसवून दिलं आहे.

आता माझ्याच भूमिकेवरचा आक्षेप. डिस्ट्रिब्यूशनवर विश्वास ठेवा म्हणता, मग २००८ चं काय? हा प्रश्न रास्त आहे. डेबियनच्या देखभालकर्त्याने २००६ मध्ये ओपनएसएसएलच्या कोडमधून काही ओळी काढल्या, कारण मेमरी तपासणारी साधनं त्यांच्याबद्दल इशारे देत होती. त्या ओळींबरोबर किल्ली बनवताना लागणारी जवळजवळ सगळी यादृच्छिकता गेली. उरला फक्त प्रोसेसचा क्रमांक, जो सहसा ३२,७६८ च्या आतच असतो. दीड वर्षाहून अधिक काळ डेबियन आणि उबुंटूवर बनलेल्या किल्ल्या एवढ्याशा संचातल्या होत्या. कुणीही बसल्या जागी सगळ्या बनवून ठेवू शकत होतं. लुसियानो बेलो यांनी हे शोधलं आणि १३ मे २००८ रोजी डेबियनने ते जाहीर केलं.

ही चूक भयंकर होती आणि डिस्ट्रिब्यूशनचे हात लागले म्हणूनच ती घडली. म्हणून डेबियन कधी चुकत नाही असं मी म्हणत नाही. पण चूक कळल्यावर काय झालं तेही पाहा. एकाच दिवशी दुरुस्ती आली, कमकुवत किल्ल्या ओळखणारं साधन आलं, पुढे अशा किल्ल्यांची यादी पॅकेज म्हणूनच मिळू लागली. ज्याचा सर्व्हर अपडेट घेत होता आणि ज्याच्याकडे सूचना वाचणारा माणूस होता, त्याला काय करायचं ते त्याच दिवशी कळलं. कारण दुरुस्ती बसवून भागत नव्हतं, जुन्या किल्ल्या माणसाने हाताने बदलायच्या होत्या. हार्टब्लीडच्या वेळीही तेच होतं: लायब्ररी बदलली तरी आधीच निसटलेली किल्ली परत येत नाही; नवी किल्ली, नवं सर्टिफिकेट आणि जुनं रद्द, हे तिन्ही करावं लागतं.

आणि तेवढ्यानेही भागत नाही. डिस्कवरची लायब्ररी बदलली तरी चालू असलेला सर्व्हर मेमरीतली जुनीच प्रत वापरत राहतो, रीस्टार्ट करेपर्यंत. हार्टब्लीडच्या आठवड्यात मी एका मशीनवर उघड्या फायलींची यादी काढली. सर्व्हरच्या नावापुढे ओपनएसएसएलची फाइल दिसत होती आणि तिच्यापुढे 'काढून टाकलेली' असा शेरा. पॅकेजची यादी दुरुस्त आवृत्ती दाखवत होती. मशीन मात्र काढून टाकलेल्या फाइलवर चालत होतं. दुरुस्ती आली, उतरली, बसली, आणि लागू झाली नाही. अपॅची, इंजिनएक्स, काहीही असतं तरी हे असंच झालं असतं.

मग निवड करायचीच नाही का? करायची. पण तक्त्यातले रकाने बदलून. मी आता चार गोष्टी विचारतो.

पहिली: दुरुस्ती माझ्या मशीनपर्यंत कोणत्या वाटेने येते आणि त्या वाटेवर किती माणसं आहेत? हाताने कंपाइल केलेल्या सर्व्हरच्या वाटेवर एकच माणूस असतो: ज्याने तो कंपाइल केला तो. तो नोकरी सोडून गेला की वाट बंद.

दुसरी: हे पॅकेज कुणाच्या घरात वाढतं? अपॅचीमागे १९९९ पासून एक ना-नफा प्रतिष्ठान आहे. इंजिनएक्स २०१९ मध्ये एफ५ या कंपनीने ६७ कोटी डॉलरना विकत घेतलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याचे एक प्रमुख विकसक मॅक्सिम दुनिन, सुरक्षा-सूचना कशा काढायच्या यावरून कंपनीशी मतभेद होऊन बाहेर पडले आणि त्यांनी वेगळी शाखा सुरू केली. इंजिनएक्स यामुळे वाईट ठरत नाही, मी आजही ते वापरतो. पण घरात भांडण झालं तर आपण कोणाच्या मागे जाणार, हे वापरणाऱ्याला माहीत असलं पाहिजे.

तिसरी: सर्टिफिकेट माणसाच्या आठवणीवर अवलंबून आहे का? लेट्स एन्क्रिप्टने २०१५ मध्ये नव्वद दिवसांची मोफत सर्टिफिकेटं द्यायला सुरुवात केली. ब्राउझर आणि सर्टिफिकेट देणाऱ्या कंपन्यांच्या मंचाने एप्रिल २०२५ मध्ये सगळ्यांसाठीच मुदत उतरवत न्यायचं ठरवलं: १५ मार्च २०२६ पासून कमाल २०० दिवस, २०२७ च्या त्याच तारखेपासून १००, आणि २०२९ पासून अवघे ४७. कॅडीत नूतनीकरणाची सोय अंगभूतच आहे, अपॅचीत त्यासाठी मॉड-एमडी आहे, सर्टबॉट कुणालाही जोडता येतं. साधन कोणतंही चालेल, कॅलेंडरवरची खूण चालणार नाही.

चौथी: जो माणूस हा सर्व्हर सांभाळणार आहे, त्याला त्याचं कॉन्फिगरेशन पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचून समजतं का? दहा वर्षं अपॅची हाताळलेल्या माणसाला वेगाच्या चाचणीत दुसरं पुढे आलं म्हणून अनोळखी पॅकेजवर नेऊन बसवलं, तर ती राहून गेलेली तिरपी रेघ त्याला दिसणार नाही.

या चार प्रश्नांची उत्तरं प्रत्येक संस्थेत वेगळी येतील आणि म्हणून पॅकेजही वेगळं येईल. पूर्णवेळ माणूस नसलेल्या संस्थेला मी डिस्ट्रिब्यूशनचंच अपॅची किंवा इंजिनएक्स सुचवतो, आपोआप अपडेट, आपोआप रीस्टार्ट आणि सर्टबॉटसह. ज्यांच्याकडे गो जाणणारा, सूचना वाचणारा माणूस आहे त्यांनी कॅडी जरूर घ्यावं.

त्या पतसंस्थेत मी हाताने बसवलेलं अपॅची काढलं, डेबियनचं पुन्हा सुरू केलं, किल्ल्या आणि सर्टिफिकेट नवं केलं. पुढच्या ऑडिटचा अहवाल अपेक्षेप्रमाणे पुन्हा लाल आला. या वेळी त्या मुलाने आणि मी दोन दिवस बसून प्रत्येक लाल ओळीपुढे डेबियनच्या सुरक्षा-नोंदीतला क्रमांक आणि दुरुस्ती कोणत्या शेपटीत आली ते लिहिलं. एकवीस ओळी निकाली निघाल्या. दोन खऱ्या निघाल्या, दोन्ही आमच्याच कॉन्फिगरेशनमधल्या, आणि त्या आम्ही त्याच संध्याकाळी दुरुस्त केल्या. सर्व्हरच्या नोंदवहीच्या पहिल्या पानावर आता दोन नावं आहेत: डेबियनच्या सुरक्षा-सूचना रोज कोण वाचतं, आणि तो रजेवर असेल तेव्हा कोण वाचतं. पॅकेजचं नाव दुसऱ्या पानावर आहे.